सिरपूरच्या काठी भिंगाची परीक्षा
तीर्थरूपांचे जुने ४०० मिलिमीटरचे टेलिफोटो भिंग विकून टाकावे, असे आमच्या मनाने घेतले होते. दूरची चित्रे त्यातून पुसट येत. तत्पूर्वी एकवार परीक्षा घ्यावी म्हणून आम्ही इंदूरच्या सिरपूर तळ्यावर गेलो. २०२२ साली रामसर यादीत आलेले हे तळे हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांनी गजबजते. पहाटे ट्रायपॉड रोवून समोरच्या काठावरील बाभळीचे चित्र घेतले. काटकी न् काटकी स्पष्ट उमटली! दुपारी तेथूनच घेतलेली तीच बाभूळ मात्र थरथरलेली. दोष भिंगाचा नव्हे, तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लहरींचा होता. आणि आम्ही तर आजवर दुपारीच बाहेर पडत आलो होतो! भिंग हळुवार पुसून आम्ही पेटीत ठेवले. विक्रीचा विषय पुन्हा घरात निघाला नाही.