औशाचा कोट आणि उसातील बिबट्या

लातुराहून दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरांवर आमचे औसा गाव आहे. येथे येणारा प्रवासी कोट पाहावयास म्हणून येतो आणि प्रथम निराश होतो, कारण कोट दिसतच नाही. इतर किल्ले डोंगरमाथ्यावर बसून कोसभरावरून आपला थाट दाखवितात. औशाचा भुईकोट मात्र चोहोंकडच्या उंचवट्यांमधील खोलगट जागेत दडून बसला आहे. अगदी जवळ जावे तेव्हा सुमारे १२० फूट रुंदीचा, बहुतेक कोरडा पडलेला खंदक पुढे येतो आणि त्यापलीकडे दुहेरी तटबंदी उभी राहते. उंच बुरुजावर चढून गेल्यावर मग बांधणाऱ्याची चतुराई ध्यानी येते. येथून शत्रूचे सैन्य फार दूर असतानाच दिसावे, आणि शत्रूच्या दृष्टीस मात्र कोटाचा थोडाच भाग पडावा, अशी ही योजना आहे.

हा कोट बहामनी काळापासून अनेकांच्या हाती गेला. सतराव्या शतकाच्या आरंभी तो मलिक अंबराने घेतला व गावास अंबरपूर असे नाव दिले. हा पुरुष मूळचा हबसाणातला, म्हणजे आफ्रिकेतला. बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा आधारस्तंभ झालेला. तो १६२६ साली वारला. पुण्याहून सुटीस आलेल्या नातवंडांस आम्ही बुरुजावर उभे राहून ही हकीकत सांगत होतो. धाकट्याने मध्येच विचारले, "आजोबा, मग त्याने खरा सिंह पाहिला असेल?" आम्ही म्हणालो, पाहिलाही असेल. इतक्यात ज्येष्ठ बंधूंच्या शेतावरून सालगड्याचा मोबाइल आला. उसात वाघ शिरला होता.

ते शेत खरोशाच्या वाटेवर आहे. कोट झाल्यावर खरोशाची लेणी पाहावयाची असा आमचा बेत होताच. तो मध्येच अडला. शेतावर पोहोचलो तो बांधावर शे-दीडशे माणसांची दाटी. ऊसतोडीची टोळी कोयते बाजूस टाकून उभी. एकाने अंगावर ठिपके पाहिले होते, दुसऱ्याने पट्टे. तिसऱ्याने नुसते शेपूट. नुकत्याच भिजविलेल्या चिखलात एक पाऊल उमटले होते असे सर्वांचे एकमत होते. परंतु ते पाहावयास आलेल्यांनी आपल्या पावलांनी ते केव्हाच मोडून टाकले होते. मांजराच्या जातीचे जनावर चालताना नखे आत ओढून घेते, म्हणून त्याच्या ठशात नखांची खूण सहसा नसते. कुत्रा, लांडगा व तरस यांच्या ठशांत ती असते. एवढी एक गोष्ट पाहता आली असती तर निम्मा वाद मिटला असता. वनरक्षक आले, त्यांनी वाकून चिखल न्याहाळला आणि कपाळास हात लावला.

ठिपक्यांच्या जनावरास आमचे लोक सर्रास वाघ म्हणतात, यास हसण्याचे कारण नाही. अमरकोशानेही द्वीपी हा शब्द व्याघ्राच्याच पर्यायांत बसविला आहे.

सायंकाळी वाड्यात बैठक भरली. दादांचे म्हणणे असे की, वनखात्यास अर्ज करावा, पिंजरा लावून घ्यावा आणि धरलेले जनावर दूर कोठेतरी जंगलात सोडून द्यावे. म्हणजे आपणांस त्रास नको आणि जीवहत्येचे पापही नको. अर्ज अर्थातच आम्ही लिहावयाचा. गावातील अर्ज लिहिण्याचे काम निवृत्त मास्तराकडे येते, ही जुनी रूढी आहे. मजकूर आमच्या मनात तयार होता. वन्य पशू वनात राहतात व ग्राम्य पशू गावात, हे वाक्य आम्ही जन्मभर फळ्यावर लिहीत आलो आहोत. तोच आमच्या सूनबाई, ज्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवितात, त्या म्हणाल्या, "मामंजी, अर्ज लिहिण्यापूर्वी जुन्नरला काय झाले ते ऐकून घ्या."

आम्ही ऐकून घेतले, आणि त्या रात्री अर्ज लिहिला गेला नाही.

डॉ. विद्या अत्रेय या प्राणिशास्त्रज्ञ विदुषी. त्यांचे पती खगोलशास्त्रज्ञ. नारायणगावाजवळ खोडद येथे जी प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे तिच्या कामानिमित्त हे कुटुंब त्या मुलखात राहावयास आले. पती आकाशातील तारे न्याहाळीत असता पत्नीस दारच्या उसातील बिबट्यांचे कोडे पडले. जुन्नर भागात त्या सुमारास हाहाकार उडाला होता. इ. स. २००१ पासून वनखात्याने बिबटे धरून ते दूरच्या अरण्यात नेऊन सोडण्याचा मोठा सपाटा लावला होता, आणि तरीही माणसांवरील हल्ले थांबत नव्हते. अत्रेय यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी काढून हिशेब मांडला. धरून सोडण्यापूर्वीच्या वर्षांत वर्षास सरासरी ४ हल्ले होत. ते सुरू झाल्यावर १७ होऊ लागले. पूर्वी शंभर हल्ल्यांतील १८ प्राणघातक ठरत, ते प्रमाण ३६ वर गेले. हा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला.

दादांनी लागलीच शंका काढली की, हल्ले वाढले म्हणून तर बिबटे धरले असतील. शंका रास्त होती, आणि आम्हांसही तीच आली होती. परंतु हिशेब तसा नाही. उसातून उचललेले बिबटे ज्या अरण्यात नेऊन सोडले, त्याच्या भोवतालच्या वस्त्यांतही हल्ले होऊ लागले. सोडण्यापूर्वी काहींच्या कातडीखाली तांदळाएवढी ओळखचकती बसविलेली असे. त्यामुळे पुढे एखादा बिबट्या पुन्हा सापडला तर तो कोठला हे कळे. अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या आपल्या घराची वाट धरतो. वाटेत त्यास पाणवठे ठाऊक नसतात, दडण्याच्या जागा ठाऊक नसतात, आणि माणसांनी पिंजऱ्यात कोंडून हाताळल्याची धास्ती ताजी असते. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा, बहुधा तरुण व अननुभवी बिबट्या येऊन राहतो. म्हणजे एका गावची पीडा दोन गावांची होते.

पुढे त्यांनी अकोले तालुक्यात काम केले. (हे अकोले नगर जिल्ह्यातले, वऱ्हाडातले अकोला नव्हे. आता त्या जिल्ह्यास अहिल्यानगर म्हणतात.) तेथे अरण्य जवळजवळ नाहीच, ऊस, मका, विहिरी आणि वस्त्या. चौरस किलोमीटरास तीनशेंहून अधिक माणसे. इ. स. २००८ च्या अखेरीस त्यांनी शेतवाटांवर आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे महिनाभर लावले. दर शंभर चौरस किलोमीटरांत सुमारे पाच प्रौढ बिबटे व तितकेच तरस निघाले. ते रोज रात्री माणसांच्या अंगणाजवळून जात, आणि माणसांस पत्ताही नसे. आमच्या कोटाची आठवण येथे होते: स्वतः न दिसता सर्वांस पाहावयाचे. उसाचे पीक बाराच्या वर महिने उभे असते. त्यात सावली आहे, पाणी आहे, आणि कडेस भक्ष्य आहे. भक्ष्य कोणते, हे विष्ठा तपासून काढले तेव्हा वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के पाळीव जनावरे निघाली. त्यांपैकी ३९ टक्के एकटी कुत्री. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट; तरी त्यांचा वाटा अवघा ११ टक्के. कारण इतकेच की शेळी रात्री गोठ्यात बांधली जाते आणि कुत्रे उकिरड्यावर मोकळे हिंडते.

नातवंडांस मात्र या आकड्यांत रस नव्हता. त्यांनी एका बिबट्याचीच गोष्ट पुनःपुन्हा सांगावयास लावली. इ. स. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक वयस्क नर विहिरीत पडला. त्यास काढून, गळ्यात संदेश देणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. तो शांत, पोक्त म्हणून त्याचे नाव आजोबा ठेवले. हे आजोबा तेथून निघाले ते सुमारे महिनाभरात शंभरावर किलोमीटर चालून, हमरस्ता व लोहमार्ग ओलांडून, वसईची खाडी पोहून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचले. सबंध प्रवासात त्यांनी कोणा मनुष्यास इजा केली नाही. इ. स. २०११ च्या डिसेंबरात मुंबईबाहेरील हमरस्त्यावर वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर २०१४ साली मराठीत चित्रपटही निघाला.

आफ्रिकेतील सिंहांचा अनुभवही ऐकण्याजोगा आहे. टांझानियातील सेरेंगेटीच्या सिंहांचा अभ्यास १९६६ साली जॉर्ज शॅलर यांनी आरंभिला, आणि १९७८ पासून तीन तपांच्या आसपास क्रेग पॅकर यांनी तो चालविला. पॅकर प्रथम केवळ सिंहांच्या कुटुंबव्यवस्थेचे अभ्यासक. पुढे माणसे मरत आहेत हे पाहून ते खेड्यांकडे वळले. १९९० ते २००४ या काळात त्या देशात सिंहांनी ५६३ माणसे मारल्याची गणना त्यांनी दिली. कारण शोधता रानडुकरे निघाली. डुकरे पिकात शिरत, पिकाच्या राखणीस शेतकरी माळावर निजे, आणि डुकरामागून आलेला सिंह माणसास उचली. आणखी एक गोष्ट पंचांग वाचणाऱ्यास विशेष वाटेल. हल्ले पौर्णिमेनंतरच्या दिवसांत अधिक होत, कारण वद्य पक्षाच्या आरंभी सूर्यास्तानंतर चंद्र उगवेपर्यंत अंधार असतो आणि माणसे अद्याप बाहेर असतात. हे सिंहाचे झाले, बिबट्याचे नव्हे. पण त्या रात्री पौष वद्य तृतीया होती, आणि आम्ही उठून अंगणातील दिवा लावून आलो हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सर्व आम्ही ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर जाऊन सांगितले. सर्वांनी ऐकले. मग कडेवर मूल घेतलेली एक बाई म्हणाली, "गुरुजी, तुमचा वाडा दगडाचा हाय. आमच्या कोपीला दार न्हाई."

या उत्तरावर आम्हांस प्रत्युत्तर नव्हते. बिबट्या माणसास टाळतो हे खरे. तथापि तो माणसास मारतो हेही खरे. इ. स. २०२५ च्या उत्तरार्धात शिरूर तालुक्यात उसाच्या कडेसच माणसांचे, लहान मुलांचेही, प्राण गेले, आणि तेथील लोकांच्या संतापास नावे ठेवण्याचा अधिकार दगडी वाड्यात निजणाऱ्यास नाही. अत्रेय यांच्या संशोधनातून जी शिकवण निघते ती निजावयास दार आहे अशा घराला लागू पडते. ज्यास दारच नाही त्याच्यासाठी प्रथम दार केले पाहिजे. ज्या लातुरास २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले त्या जिल्ह्यात आपण एवढा ऊस लावतो, त्यावर साखर काढतो, आणि तो तोडणाऱ्यास चार पत्रे देत नाही. असो.

अर्ज लिहिला, पण निराळा. पिंजऱ्याची मागणी काढून टाकली. वनखात्याने रात्रीची गस्त ठेवावी, उसात पिल्ले आढळल्यास ती हलवू नयेत व मादी येऊन नेईपर्यंत गर्दी हटवावी, एवढे त्यांच्याकडे मागितले. उरलेला भाग दादांस उद्देशून होता. कोप्या उसाच्या कडेवरून हलवून खळ्यावर आणाव्यात, भोवती दिवे लावावेत, मुलांस निजावयास गोदामाची खोली उघडून द्यावी, आणि मेलेली जनावरे व उष्टे उघड्यावर टाकू नये. दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग वहिनींनी किल्ल्यांचा जुडगा आणून त्यांच्यापुढे ठेवला. गोदामात सोयाबीनची पोती होती. ती दुपारपर्यंत बाहेर निघाली.

त्यानंतर आम्ही मुलांस घेऊन खरोशास गेलो. सहाव्या शतकातील ही लेणी. शिवपार्वती, कार्तिकेय, रावण यांच्या मूर्ती झिजून गेल्या आहेत, तरी त्यांत नृसिंह ओळखू येतो. मुलांनी विचारले म्हणून हिरण्यकशिपूच्या वराची गोष्ट सांगितली. घरात नाही व बाहेर नाही, दिवसा नाही व रात्री नाही, मनुष्य नाही व पशू नाही. ती ऐकून धाकटा म्हणाला, "म्हणजे उसातल्या वाघासारखे. तो रानातही नाही आणि गावातही नाही." आम्ही त्याच्या पाठीवर थाप दिली. लेण्यांतून उतरताना अंधारून येत होते, म्हणून मुलांचे हात धरले.

चार दिवसांनी मुकादम वाड्यावर आला. टोळीची मुले गोदामात निजत होती. ठिपके किंवा पट्टे पुन्हा कोणास दिसले नव्हते. मात्र जुन्या कोप्यांच्या जागी रात्री हिंडणारे पिवळे कुत्रे परवापासून नाहीसे झाले होते. वनरक्षकांस कळवावे का, असे त्याने विचारले. आम्ही कळवावयास सांगितले, आणि त्या चिखलाकडे या वेळी कोणास फिरकू देऊ नये असेही बजावले.