तंबू, टप आणि मॅकिनॉचा पूल

मिशिगनमध्ये जुलै-ऑगस्ट आला की आपल्या मराठी मंडळींत कॅम्पिंगची चर्चा सुरू होते. कुठले पार्क, कुठली साइट, पोहे की उपमा, डास किती, सगळे बोलून होते. पण तंबू न्यायचा कसा, हे सहसा कोणी विचारत नाही. कारण बहुतेकांचे तंबू नायलॉनचे, उशीएवढ्या पिशवीत मावणारे. ट्रंकमध्ये टाकले की झाले. आमच्यासारखी काही कुटुंबे मात्र अशी आहेत की त्यांच्या तंबूला स्वतःची सीट लागते. हा लेख मुख्यतः अशांसाठी. बाकीच्यांनी करमणूक म्हणून वाचावा.

आमचा तंबू जाड सुती कॅनव्हासचा आहे. जमिनीवर १० बाय १४ फूट, मध्यभागी साडेसहा फूट उंच. गुंडाळला की चार फूट लांब आणि सव्वा फूट जाड अशी वळकटी होते. कापडाचे वजन ५५ पौंड, लोखंडी पोल आणि खुंट्यांचे आणखी २५. मित्र विचारतात, "अहो, लग्नाचा मांडव घेऊन कुठे निघालात?" त्याचे उत्तर सोपे आहे. पुण्याहून आई-बाबा दर दोन-तीन वर्षांनी येतात. आईने पंचाहत्तरी गाठली, गुडघे कुरकुरतात. छोट्या तंबूत रांगत शिरायचे आणि आडवे होऊन कपडे बदलायचे, हे तिला जमणारे नाही. या तंबूत ती सरळ उभी राहून साडी नेसते. तिच्यासाठी फोल्डिंगची कॉटही आत मावते. मोटेल घेतले की दोन खोल्या होतात: एकीत आजी-आजोबा, दुसरीत टीव्हीसकट नातवंडे. ते तर घरी रोजच चालते. आम्हांला दोन रात्री सगळ्यांवर एकच छप्पर हवे होते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही डेट्रॉइटजवळच्या आमच्या गावाहून अपर पेनिन्सुलातल्या टाक्वामेनॉन धबधब्याला निघालो. माणसे सहा, मिनीव्हॅन सात जणांची. सातव्या सीटच्या जागी कूलर, स्टोव्ह, अंथरुणे आणि चकल्यांचा डबा. म्हणजे तंबूला जागा उरली फक्त गाडीच्या बाहेर.

बाहेर न्यायचे तीन-चार मार्ग आहेत. ट्रेलर जोडला तर जागाच जागा, पण तो मागे घेताना घामटे निघते आणि पुलावर टोलही जास्त पडतो. मागच्या हिचवर बसणारे कॅरियर वाऱ्याच्या दृष्टीने उत्तम, पण मग मागचे दार उघडत नाही, आणि दर दोन तासांनी कोणाला तरी कूलरमधलेच काही हवे असते. टपावरची प्लॅस्टिकची पेटी दिसायला झकास, पण सव्वा फूट जाडीची वळकटी आत घातली की पुष्कळ पेट्यांची झाकणे लागत नाहीत. उरला उघडा रॅक. आम्ही तोच पत्करला.

टपावर किती वजन चालते हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुष्कळ गाड्यांत ही मर्यादा १०० ते १६५ पौंडांच्या दरम्यान असते आणि रॅकच्या आडव्या दांड्यांचे वजनही त्यातच धरायचे असते. जितके वजन उंचावर, तितकी गाडी वळणावर जास्त कलते. म्हणून जड ते खाली आणि हलके पण अवजड ते वर, अशी वाटणी केली. पोल आणि खुंट्या गाडीत, फरशीवर, सीटच्या पायांना बांधून. करकचून ब्रेक लागला तर सुटा लोखंडी पोल भाल्यासारखा पुढे येतो. फक्त कापड टपावर.

बाबांची सारी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली. ज्यांनी लाल गाडीच्या मागच्या शिडीवरून हमालाला टपावर चढताना पाहिले आहे, त्यांना सांगायला नको. ट्रंका, आंब्याच्या पेट्या, सायकली, कोंबड्यांची खुराडी, सगळे काथ्याच्या दोरीने आवळलेले, आणि घाटातून खडखडत सुखरूप मुक्कामी. बाबांनी आमचे नायलॉनचे पट्टे हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "दोरी कसलीही असू दे. वर ठेवलंय ते चार दिशांना हलवून बघ. एका दिशेला जरी हललं, तरी ते बांधलेलं नाही."

यात फक्त वेगाची भर घालावी लागते. घाटातली एसटी आणि इथला फ्रीवे यांत मोठा फरक आहे तो वाऱ्याचा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. ताशी ५५ मैलांऐवजी ७० ने गेलो, तर दाब सुमारे ६२ टक्क्यांनी वाढतो. आता वळकटीचे गणित पाहा. ती टपावर आडवी ठेवली तर वाऱ्यासमोर पाच चौरस फूट येतात आणि ७० मैलांच्या वेगाला तिला मागे ढकलणारा जोर साधारण ६० पौंड भरतो. तीच वळकटी गाडीच्या लांबीत उभी ठेवली, तर समोर फक्त तिचे गोल तोंड येते आणि जोर १५ पौंडांच्या आसपास राहतो. वस्तू तीच, दोऱ्या त्याच, फक्त तोंड फिरवले. आणि समोरून २० मैलांचा वारा असेल, तर आपण ७० ने जात असलो तरी वळकटीला ९० चा वारा लागतो.

म्हणून बांधताना वजनापेक्षा वाऱ्याचा विचार अधिक करावा. ताडपत्रीची शेवटची घडी मागच्या बाजूला यावी. पुढे आली तर वारा आत शिरून ती शिडासारखी फुगते. दोन पट्टे वळकटीवरून आडवे घेऊन दांड्यांना, आणि एक पट्टा पुढच्या तोंडावरून मागे ओढून, म्हणजे ब्रेक लागला तरी ती पुढे सरकणार नाही. पट्टा सपाट राहिला की वाऱ्यात थरथरतो आणि गाडीभर घूं घूं आवाज होतो. त्याला एक-दोन पीळ द्यावेत, आवाज थांबतो. सुटी टोके गाठ मारून आत खोचावीत. पहिल्या वीस-पंचवीस मैलांनंतर एकदा थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढावेत, कारण कापड दबते आणि पट्टे सैल पडतात.

आय-७५ हा सरळ उत्तरेचा रस्ता. सॅगिनॉजवळ झिलवॉकीचा उंच पूल लागतो, तिथे बाजूच्या वाऱ्याची पहिली चुणूक मिळते. बे सिटीच्या पुढे २०१७ पासून वेगमर्यादा ताशी ७५ मैल आहे. टपावर ओझे असताना ती फक्त वाचण्यासाठी आहे असे समजावे; आम्ही उजव्या लेनमधून ६० ने गेलो. गेलॉर्डच्या आसपास ४५ अंश अक्षांशाची पाटी येते. तिथून विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव सारख्याच अंतरावर. पुणे साडेअठरा अंशांवर, हे आजोबांनी नातवंडांना सांगितले, आणि मग पुढची अर्धी वाट भूगोलाचा तास झाला.

आणि मग येतो मॅकिनॉचा पूल. नावाच्या शेवटी इंग्रजीत 'सी' लिहितात, पण उच्चार 'मॅकिनॉ'च. १ नोव्हेंबर १९५७ रोजी तो खुला झाला. एकूण लांबी सुमारे पाच मैल, मधला गाळा ३,८०० फूट, आणि मध्यावर रस्ता पाण्यापासून सुमारे २०० फूट उंच. एका हाताला लेक मिशिगन, दुसऱ्या हाताला लेक ह्यूरन, आणि वाऱ्याला अडवायला काही म्हणजे काही नाही.

इंजिनियर लोकांनी हा पूल नीट पाहावा. १९४० साली वॉशिंग्टन राज्यातला टकोमा नॅरोजचा पूल उघडल्यावर चारच महिन्यांत, ७ नोव्हेंबरला, ताशी ४० मैलांच्या आसपासच्या वाऱ्यात पीळ खात कोसळला. त्याच्या कडेला भरीव पोलादी पट्ट्या होत्या. वाऱ्याला आरपार जायला वाट नव्हती. मॅकिनॉचे अभियंता डेव्हिड स्टाइनमन यांनी तो धडा पक्का गिरवला. भरीव पट्ट्यांऐवजी उघड्या कैच्या, आणि आतल्या दोन लेनमध्ये रस्त्याच्या जागी चक्क पोलादी जाळी. तिच्यावरून गाडी गेली की घरघर आवाज येतो आणि खाली पाणी दिसते. जोराच्या वाऱ्यात मधला भाग हळूहळू ३५ फुटांपर्यंत एका बाजूला सरकू शकतो, आणि ते गृहीत धरूनच तो बांधलेला आहे. वाऱ्याशी भांडायचे नाही, त्याला वाट द्यायची. पट्ट्याला पीळ देताना आम्ही तेच छोट्या प्रमाणात करत होतो.

पुलावर वाऱ्याचे नियम कडक आहेत. जोर वाढला की वेग ताशी २० मैलांवर आणतात. आणखी वाढला की उंच गाड्यांना सोबत देऊन पलीकडे नेतात; टपावर सामान बांधलेली साधी गाडीही त्यांत धरली जाऊ शकते. वारा ६५ मैलांवर गेला की पूल सर्वांनाच बंद. ज्यांना पुलाची भीती वाटे त्यांची गाडी पुलाचे कर्मचारी स्वतः चालवून पलीकडे नेत असत. आम्ही गेलो तेव्हा पाटीवर २० मैलांची सूचना लागलेली होती. आईने एकदा खाली पाहिले आणि डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. बाबा मात्र खिडकीतून मान वर करून पट्ट्याकडे बघत होते. पलीकडे सेंट इग्नेसला उतरल्यावर त्यांनी वळकटीला चार दिशांनी हलवून पाहिले आणि काही न बोलता गाडीत येऊन बसले. हे आम्हांला मिळालेले सर्टिफिकेट.

तिथून दीड तासावर टाक्वामेनॉन. वरचा धबधबा २०० फुटांहून रुंद आणि जवळजवळ ५० फूट उंच. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे, कारण नदी सीडरच्या दलदलींतून येते आणि झाडांतले टॅनिन सोबत आणते. जाताना एक गोष्ट मात्र डेट्रॉइटकडून नेऊ नये, ती म्हणजे शेकोटीचे लाकूड. २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात सापडलेल्या एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाच्या किड्याने अ‍ॅशची कोट्यवधी झाडे मारली, आणि तो सरपणातून प्रवास करतो. लाकूड तिथेच विकत घ्यावे.

तंबू उभारायला चौघांना पाऊण तास लागला. रात्री थंडी पडली. सगळे सहा जण एका रांगेत, मध्ये कंदील. तो विझवल्यावर आमची चौदा वर्षांची मुलगी, जी घरी आजीशी 'हो', 'नाही' आणि 'भूक नाही' एवढेच मराठी बोलते, तिने अंधारात विचारले, "आजी, तू लहान असताना कुठे झोपायचीस?" आई सांगत राहिली: वाडा, गच्ची, बारा भावंडांची अंथरुणे, पहाटेचे दव. मुलगी मोडक्या मराठीत एकेक विचारत राहिली. कॅनव्हास वाऱ्याने हलत होता. आम्ही दोघे गप्प पडून होतो, कारण मधे बोललो असतो तर ते थांबले असते.

आई-बाबांच्या अजून किती फेऱ्या होतील, कोण सांगणार? मुलगी चार वर्षांत कॉलेजला जाणार हे तर ठरलेलेच होते. तेव्हा ८० पौंडांचा तंबू सुमारे ७०० मैल नेऊन आणणे शहाणपणाचे की नाही, हे मैलांवर ठरवता येत नाही.

परतताना एकच काळजी घ्यावी. दवाने भिजलेला कॅनव्हास जड होतो, आणि तसाच गुंडाळून ठेवला तर एक-दोन दिवसांत बुरशी धरतो. घरी आल्या आल्या गराजमध्ये पसरून पूर्ण वाळवावा. आमचा वाळून, घडी होऊन फळीवर ठेवलेला आहे. मंडळातल्या ज्या कुटुंबाकडे यंदा आई-वडील येणार असतील, त्यांनी खुशाल घेऊन जावा. पट्टेही देऊ. फक्त निघण्यापूर्वी चार दिशांना हलवून पाहावे.