बेरिया : शुल्काविना विद्यादान

अमेरिकेच्या केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन शहराच्या दक्षिणेस, सपाट कुरणे संपून ॲपलेशियन पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्या सुरू होतात. तेथे बेरिया हे छोटे गाव आहे. गावातील १९०९ साली बांधलेल्या बून टॅव्हर्न या हॉटेलात पाहुण्यांची सरबराई करणाऱ्यांत बरेचसे बेरिया महाविद्यालयाचे विद्यार्थी असतात. हे हॉटेल महाविद्यालयाचेच आहे.

१८९२ पासून येथे शिक्षणशुल्क घेतले जात नाही. प्रवेश गरजू घरांतील मुलांनाच मिळतो आणि प्रत्येकास आठवड्याला किमान दहा तास काम करावे लागते. कोणी हातमागावर विणतो, कोणी केरसुण्या बांधतो, कोणी कार्यालयात बसतो. हा डोलारा उभा आहे तो मुख्यतः कायम निधीच्या उत्पन्नावर. मृत्युपत्राद्वारे विनाअट आलेली देणगी खर्च न करता या निधीतच जमा करावी, असा ठराव विश्वस्तांनी १९२० साली केला. मुद्दलास हात न लावण्याची ही शिस्त पेढीवर बसणाऱ्यास वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही!

संस्थापक जॉन फी हे गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातले. मात्र गुलामगिरीचे कडवे विरोधक. कॅशियस क्ले या जमीनदाराने दिलेल्या जागेवर वस्ती करून त्यांनी १८५५ साली एका खोलीची शाळा काढली. सर्व मानव एकाच रक्ताचे, ही त्यांची श्रद्धा. १८५९ च्या अखेरीस सशस्त्र विरोधकांनी त्यांच्या सहकाऱ्यांना राज्याबाहेर घालवले. यादवी युद्धानंतर मंडळी परतली, आणि १८६६-६७ च्या वर्षात ९६ कृष्णवर्णीय व ९१ गोरे विद्यार्थी एकत्र शिकू लागले. केंटकीसारख्या राज्यात ही सामान्य गोष्ट नव्हती.

पण १९०४ साली राज्याने असे एकत्र शिक्षण कायद्याने बंद केले. महाविद्यालय सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १९०८ साली हरले. केंटकीचेच सुपुत्र न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत नोंदवले, तरी निकाल बदलला नाही. मग कृष्णवर्णीय मुलांसाठी वर्गणी गोळा करून लुइव्हिलजवळ लिंकन इन्स्टिट्यूट ही स्वतंत्र संस्था उभारण्यात आली. ही तडजोड उदार होती. तरीही ज्या तत्त्वासाठी बेरियाचा जन्म झाला, तेच तेथे उरले नव्हते.

पुढे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे थोर अभ्यासक ठरलेले कार्टर वुडसन येथूनच १९०३ साली पदवीधर झाले होते. त्यांच्यानंतर वर्षभरात मिटलेले दार १९५० साली कायदा शिथिल होताच बेरियाने पुन्हा उघडले. त्याच वर्षी वुडसन निवर्तले.