त्याला घेऊनच ये
(तृतीय वर्ष, कला)

प्रवासवर्णन लिहावे एवढा प्रवास मी केलेला नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला गेले, तीही बेटे पाहायला नव्हे, तर आजीचा निरोप घेऊन. "त्याला घेऊनच ये," असे म्हणत तिने फणसपोळीचा डबा माझ्या पिशवीत कोंबला होता. तो म्हणजे माझे धाकटे काका. वनखात्यातल्या नोकरीसाठी ऐन पंचविशीत अंदमानला गेले. आता निवृत्त झाले, तरी दापोलीजवळच्या आमच्या घराकडे परतण्याचे नाव नाही.

पहिल्याच दिवशी काकांनी मला छोट्या बोटीतून समोरच्या रॉस बेटावर नेले. २०१८ साली या बेटाला नेताजींचे नाव मिळाले आणि २०२४ साली पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. पण काकांच्या तोंडी जुनीच नावे. इंग्रजांच्या पडक्या बंगल्यांना झाडांच्या मुळ्यांनी विळखे घातले होते आणि त्या पडझडीतून चितळ निर्धास्त फिरत होते. एक पाडस तर माझी ओंजळ हुंगून गेले. मी हरखून म्हटले, "इथली हरणं किती माणसाळलेली!"

"ती इथली नव्हेत गो," काका म्हणाले. "विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साहेबानं आणली. इथे ना वाघ, ना बिबट्या. मग वाढली आणि पोहत दुसऱ्या बेटांवरही गेली. कोवळी रोपं खाऊन टाकतात, रानाला नवी पिढीच धरवत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही हॅवलॉकच्या सरकारी बोटीत बसलो. अडीचएक तासांचा प्रवास. बंदर मागे पडले, हिरवे पाणी गर्द निळे झाले आणि अचानक बोटीपुढून उडत्या माशांचा थवा सुटला. भातखाचरातून चिमण्या उठाव्यात तसा! पर पसरून ते पाण्यावरून तरंगत जात आणि लांबवर टुपकन बुडत. माझी नजर मात्र समुद्रगाय शोधत होती. अंदमानचा हा राज्यप्राणी समुद्रातल्या गवतावर चरतो आणि श्वास घ्यायला वर येतो.

"इतक्या वर्षांत मला दोनदाच दिसली," काका म्हणाले. "जी खरी इथली, ती सहसा समोर येत नाहीत."

आजीचा निरोप मी तिथेच सांगून टाकला. काका कठड्याला रेलून बराच वेळ गप्प राहिले आणि मग भलतेच, हत्तींबद्दल, बोलू लागले. ओंडके ओढायला मेनलँडवरून हत्ती आणत. कामासाठी त्यांना एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहवत नेत. १९६२ साली एक लाकूड कंपनी बंद पडली आणि तिचे हत्ती इंटरव्ह्यू बेटावर तसेच राहिले. त्यांची प्रजा तिथेच वाढली, रानटी झाली. हॅवलॉकचा राजन तर पोहणारा हत्ती म्हणून जगभर गाजला. २०१६ साली तो तिथेच गेला.

"काका, तुम्ही काही हत्ती नाही," मी चिडून म्हणाले. "तुमची आई वाट बघतेय."

"खरं आहे. हत्तींना कोणी विचारलं नव्हतं. मी आपण होऊन आलो. म्हणून तर आईला तोंड दाखवायला जड जातं."

तेवढ्यात एक मोठा पक्षी डोक्यावरून गेला. पांढरेशुभ्र पोट, पंखांच्या कडा काळ्या. पाण्यावर झेपावून, मासा पायांत धरून तो बेटाकडे वळला. "समुद्रगरुड!" मी ओरडलेच. "आपल्या सुरूवर घरटं असतं तोच!"

"तोच. हा तिथलाही आणि इथलाही," काका म्हणाले आणि चष्मा काढून उगाचच पुसत राहिले.

काका आले नाहीत. फणसपोळी मात्र त्यांनी कुणालाही न देता एकट्याने संपवली.

आजीला काय सांगायचे याची जुळवाजुळव मी परतीच्या वाटेवर केली होती. तिने काहीच ऐकून घेतले नाही. एवढेच विचारले, "बारीक झालाय का गो?"

मी काकांना फोन लावला आणि तिच्या हातात दिला. पलीकडून काका बोलेनात, अलीकडून आजी बोलेना. मी हळूच मागल्या दारी आले. सुरूच्या शेंड्यावर गरुड घरट्याकडे परतला होता.