टाक्यातला यिर्मया

चि. रूथ,


तुझं पत्र मिळालं. खोट्या पटावर सही केली नाहीस म्हणून शाळेने निलंबित केलं, पगार थांबला, हे ताईकडून आधीच कळलं होतं. त्याहून मला लागलं ते पत्रातलं शेवटचं वाक्य. मंडळीतल्या भगिनी घरी प्रार्थनेला आल्या आणि जाताना म्हणाल्या की तुझा विश्वास कुठेतरी कमी पडतोय, नाहीतर परमेश्वराने एव्हाना दार उघडलं असतं. आणि तू विचारतेस, मामा, हे खरं का?

नाही, खरं नाही. दुःखाचा विषय निघाला की आपल्याकडे लोक ईयोबाकडे धावतात. त्याला शेवटी सगळं दुपटीने मिळालं, म्हणून ती गोष्ट सांगायला सोपी जाते. तू यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक वाच. त्याला काहीच परत मिळालं नाही.

तो अनाथोथचा, याजकाच्या घरातला. गाव यरुशलेमपासून तासाभराच्या चालीवर. इ.स.पू. ६२७च्या सुमारास, अगदी कोवळ्या वयात त्याला पाचारण झालं. पुढची चाळीस वर्षं तो एकच गोष्ट सांगत राहिला: मंदिर आपल्याकडे आहे म्हणून आपण वाचू, या भ्रमात राहू नका. परक्याला, अनाथाला, विधवेला नाडणं थांबवलं नाहीत तर हे शहर जाईल. त्याच्या जिवावर आधी कोण उठलं? त्याच्याच गावचे लोक. भाऊबंदही उलटले. मंदिराचा मुख्य अधिकारी पशहूर, त्याने फटके मारवून त्याला रात्रभर खोड्यात अडकवून ठेवलं, तेही मंदिराच्या वेशीपाशी. त्याला छळणारे हे सगळे नेमाने उपासनेला जाणारे होते, रूथ.

यहोयाकीम राजाचा प्रसंग तर डोळ्यांपुढून हलत नाही. नववा महिना, थंडीचे दिवस, राजा हिवाळी वाड्यात शेगडीपुढे बसलेला. यिर्मयाने सांगितलेली आणि त्याचा सहकारी बारूख याने लिहिलेली गुंडाळी वाचली जातेय. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. सगळी गुंडाळी संपेपर्यंत हेच. जवळच्या तिघांनी नको म्हटलं, त्याने ऐकलं नाही. मग यिर्मयाने सगळं पुन्हा सांगितलं, बारूखाने पुन्हा लिहिलं, आणि या वेळी मजकूर आधीपेक्षा वाढला. तूही शाळेत काय काय घडलं ते तारीखवार लिहून ठेव, आणि एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेव.

याच राजाच्या काळात उरीया नावाचा आणखी एक संदेष्टा होता. यिर्मया सांगत होता तेच तोही सांगत होता. तो जीव वाचवायला मिसरात पळाला. राजाने माणसं पाठवून त्याला धरून आणलं आणि तलवारीने मारलं. यिर्मया वाचला. का? उरीयाचा विश्वास कमी होता म्हणून? पुस्तकात कारण स्पष्ट दिलं आहे: शाफानाचा मुलगा अहीकाम यिर्मयाच्या पाठीशी उभा राहिला. एकाला अहीकाम मिळाला, दुसऱ्याला नाही. २६वा अध्याय आहे, छोटासा. तुला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो वाचायला दे.

इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायातही हेच आहे. विश्वासाने काहीजण तलवारीच्या धारेतून सुटले, आणि दोन-तीन ओळींनंतर काहीजण तलवारीने मारले गेले. दोघेही एकाच यादीत आहेत. आपल्या प्रवचनांत पहिला अर्धा भाग नेहमी येतो, दुसरा क्वचित. हा आपल्या मंडळ्यांचा मोठा दोष आहे असं मला वाटतं.

आता यिर्मयाला ज्या टाक्यात टाकलं त्याविषयी. बाबेलच्या फौजेने शहराला वेढा घातलेला, भाकरीची टंचाई. चार सरदारांनी राजा सिद्कीयाकडे तक्रार केली की हा माणूस सैनिकांचा धीर खचवतोय, याला मारा. राजा म्हणाला, तो तुमच्या हातात आहे, मी काय करणार. त्यांनी त्याला दोरांनी टाक्यात सोडलं. आपल्या गडांवर असतं तसं खडकात खोदलेलं टाकं, फक्त तोंड अरुंद. पाणी आटलेलं, तळाशी गाळ, आणि त्यात तो रुतला. त्या चौघांपैकी दोघांची नावं, युकाल बिन शलेम्या आणि गदल्या बिन पशहूर, बापाच्या नावासकट यरुशलेमच्या दाविदनगरात मातीच्या ठशांवर सापडली आहेत. एलात मजार यांच्या उत्खननात पहिला ठसा २००५ साली मिळाला, दुसरा २००८ साली. ठसे सेंटिमीटरभराचे. अशा ठशांनी कागदपत्रं मोहोरबंद करणारे ते लोक होते.

त्याला बाहेर काढलं कोणी? याजकांनी नव्हे. एबद-मलेख नावाच्या कूशी माणसाने, राजवाड्यातल्या एका खोजाने. नियमशास्त्राप्रमाणे अशा माणसाला मंडळीत प्रवेशसुद्धा नव्हता. राजा बन्यामीन वेशीत बसला होता. तिथे जाऊन त्याने तोंडावर सांगितलं की या लोकांनी वाईट केलंय, तो माणूस तिथे उपाशी मरेल. परवानगी मिळाली, तीस माणसं मिळाली. दोर घेण्याआधी तो भांडाराखालच्या खोलीत गेला आणि जुनी फाटकी लुगडी-चिंध्या गोळा केल्या. त्या खाली सोडून म्हणाला, या काखेत घाला, मग दोर अडकवा. दोर काचू नये म्हणून! एवढ्या घाईत ज्याला हे सुचलं त्या माणसाला मी फार मानतो.

आणि यिर्मया या सगळ्यात गप्प नव्हता. आपण जन्मलोच नसतो तर बरं, असं तो म्हणाला. देवाला म्हणाला, तू मला फसवलंस, तू आटणाऱ्या ओढ्यासारखा निघालास. हे शब्द कोणी खोडले नाहीत, ते शास्त्रात आहेत. तेव्हा रात्री रडून देवाशी भांडलीस म्हणून अपराधी वाटून घेऊ नकोस. इ.स.पू. ५८६च्या सुमारास शहर पडलं, त्याचं बोलणं खरं ठरलं, तरी त्याचा मान वाढला नाही. उरलेल्या लोकांनी त्याला त्याच्या मर्जीविरुद्ध मिसरात नेलं. तिथे तहपन्हेसातही तो बोलतच राहिला. त्याच्या मरणाविषयी पवित्र शास्त्रात एक ओळ नाही.

तुझ्या विश्वासाची मोजमापं बाकीच्यांनी काढू नयेत. त्यांनी दोर आणि चिंध्या शोधाव्यात. मी पाळकसाहेबांशी बोललो आहे, घरखर्चाला या महिन्यापासून मंडळीतून मदत येईल, ती नाकारू नकोस. चौकशीची तारीख कळव. मी येतो, आणि बरोबर मंडळीतल्या दोघांना आणतो.

तुझा,
मामा