लॅमिंग्टन रोडवरील खरेदी

ग्रँट रोड स्टेशनाच्या पूर्वेस बाहेर पडून थोडें चाललें म्हणजे जो गजबजलेला रस्ता लागतो, त्याचें दप्तरी नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. परंतु मुंबईकर त्यास अद्याप लॅमिंग्टन रोडच म्हणतो. १९०३ ते १९०७ या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांची ही आठवण. एके काळीं हा रस्ता चित्रपटगृहांचा. येथील मिनर्व्हांत १९७५ पासून ‘शोले’ वर्षानुवर्षें चालला. आतां तेथें तारा, सुटे भाग व संगणक यांचें राज्य आहे. (रविवारीं मात्र जाऊं नये, बहुतेक दुकानें बंद असतात.)

आमची पुतणी यंदा महाविद्यालयांत गेली. वडील मंडळींनीं लॅपटॉपास ४५,००० रुपये मंजूर केले, ते या अटीवर कीं, तिच्या पदवीनंतर तो धाकट्या भावास उपयोगी पडावा.

या बाजारांत दर्शनी कांचेपेक्षां माडीवरील दुरुस्तीचे गाळे अधिक बोलके! तेथें यंत्रें पालथीं पडलेलीं असतात. एका वृद्ध कारागिरानें दोन यंत्रें आम्हांपुढें ठेविलीं. पहिलें पातळ व देखणें. पण त्याची स्मृति, म्हणजे रॅम, मुख्य पाटीवरच डाखलेली, आणि बॅटरी चिकटविलेली. दुसरें जाड, कचेरींत वापरतात तसलें. चार-सहा स्क्रू काढतांच आंत रॅमची एक खांच मोकळी दिसली. “ताई, आधीं पोट बघा, मग तोंड,” असें तो पुतणीस म्हणाला. आज ८ जीबी घेऊन तीन वर्षांनीं १६ करतां येणें, हीच खरी काटकसर. चकती जुन्या फिरत्या हार्ड डिस्कची नसून एसएसडी असावी, हें निराळें सांगावयास नको.

शेजारीं वापरलेलीं यंत्रें निम्म्याहून कमी किंमतींत होतीं. मोह पडण्याजोगा भाव; पण त्यांचे प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचे. विंडोज १० चें नेहमींचें साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें, आणि विंडोज ११ साठीं साधारणतः आठवी पिढी लागते. स्वस्ताईचें कारण हेंच. लिनक्स वापरणारास तीं अजून उत्तम. वापरलेलें यंत्र घेणारानें बॅटरीचा अहवाल काढून मूळ क्षमता व सध्यांची क्षमता ताडून पाहावी. दुकानदार कुरकुरला तरी पाहावी.

पुतणीचा आग्रह पातळ यंत्राचा. तिचें म्हणणें अगदींच पोरकट नव्हतें, कारण डोंबिवलीहून लोकलच्या गर्दींत रोज ओझें तिच्याच खांद्यावर. वडील मंडळींच्या हिशेबांत हा खांदा धरलेला नव्हता! अखेर दीड किलोच्या आंतील, पण एक खांच मोकळी असलेलें नवें यंत्र चौथ्या दुकानीं मिळालें. ठरल्या रकमेहून तें १,८०० रुपयांनीं महाग होतें. ते तिनें आपल्या शिकवणीच्या पैशांतून दिले. पक्क्या पावतीवरील अनुक्रमांक तिनेंच यंत्राच्या पाठीवरील अंकांशीं वाचून जुळविला.