जीटी, जीटी लाइन आणि बाबांचा हॅमर

मागच्या रविवारी गडचिरोलीहून भाच्याचा फोन आला. आमच्याकडे कुणालाही गाडी घ्यायची असली की आधी मला विचारतात. मला गाड्यांतलं फार कळतं असं नाही, मी ऐकून घेतो म्हणून.

"मामा, एक सांगा. जीटी लाइन म्हणजे जीटीच असते ना जी?"

नागपूरच्या एका विक्रेत्याने त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले होते. २०२४ ची सेकंड हँड फोक्सवॅगन व्हर्टस. काळं ग्रिल, काळे आरसे, एकदम झक्कास. खाली लिहिलेलं, 'व्हर्टस जीटी, सिंगल ओनर'. किंमतही जीटीची. पण एका फोटोत कुठेतरी 'जीटी लाइन' असं भाच्याला दिसलं होतं, आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पोरगा हुशार आहे. आईवर गेलाय.

मी म्हटलं, "नाही रे बाबा. या दोन गाड्यांचं आडनाव सारखं आहे, घर वेगळं आहे."

फोन ठेवला, पण विषय डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहायला बसलो.

गाडीच्या मागच्या बाजूला जी अक्षरं असतात ना, ती एके काळी माहिती द्यायची. जीटी म्हणजे 'ग्रान तुरिस्मो'. इटालियन शब्द. लांबचा प्रवास वेगात आणि आरामात करणारी गाडी. १९७६ साली फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय विकायला काढली, तेव्हा त्यातल्या शेवटच्या 'आय'चा अर्थ होता इंजेक्शन. कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल थेट फवारणारी यंत्रणा. ताकद ११० पीएस (पीएस म्हणजे अश्वशक्तीच समजा). कंपनीचा अंदाज होता की अशा ५००० गाड्या खपतील. पहिल्या पिढीच्याच चार लाखांहून जास्त खपल्या. तीन अक्षरं, आणि तिन्हींना अर्थ. मागून बघणाऱ्याला कळायचं की आत काय आहे.

मग आपल्याकडे २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटर गेला. सगळ्याच पेट्रोल गाड्यांत इंजेक्शन आलं. एलएक्स होती ती एलएक्सआय झाली, व्हीएक्स होती ती व्हीएक्सआय झाली. भाजी आणायला जाणाऱ्या गाडीच्या मागेही 'आय' आला. अक्षर तेच राहिलं, पण त्यातली नवलाई संपली.

अक्षरांचं असंच होतं. खरी वस्तू सगळ्यांना मिळाली की तिच्या नावाची किंमत उतरते, मग कंपनीला नवीन अक्षर शोधावं लागतं.

तरी त्या काळात प्रामाणिक अक्षरंही होती. २००१ ची फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स घ्या. मुंबईच्या कुर्ल्यात बनायची, जाहिरातीत सचिन. तिचं १.६ लिटरचं इंजिन साधारण १०० अश्वशक्तीचं होतं. त्या वेळच्या छोट्या गाड्यांत हे प्रकरण फारच वरचं. पेट्रोल पिण्यातही वरचं! पण मागे लिहिलेलं आणि पुढे बसवलेलं जुळत होतं.

ऑक्टाव्हिया आरएसची गंमत वेगळी. २००४ मध्ये ती आपल्याकडे आली, औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) कारखान्यातून. आरएस म्हणजे 'रॅली स्पोर्ट'. आपल्याला मिळालेल्या १.८ टर्बोची ताकद १५० होती, युरोपात तीच अक्षरं लावलेल्या गाडीला १८० होती. तेव्हा आम्हाला कुठे माहीत! १५० आकडा ऐकूनच आम्ही गार.

पुढे कंपन्यांनी एक युक्ती काढली. सगळ्यात वर खरी वेगवान गाडी ठेवायची, थोड्या लोकांसाठी. तिच्या अक्षरामागे एक शेपूट लावायची आणि ते नाव साध्या गाडीला द्यायचं. बीएमडब्ल्यूची 'एम' वेगळी आणि 'एम स्पोर्ट' पॅकेज वेगळं. मर्सिडीजची 'एएमजी' वेगळी आणि 'एएमजी लाइन' वेगळी. ह्युंदाईची युरोपातली आय-ट्वेंटी एन २०४ पीएसची. आपल्याकडे २०२१ मध्ये आली ती आय-ट्वेंटी एन लाइन, १२० पीएसची. म्हणजे साध्या आय-ट्वेंटी टर्बोइतकीच. खोटं बोलायला नको, एन लाइनमध्ये थोडं कडक सस्पेन्शन होतं, मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक होते, सायलेन्सरचा आवाज भारदस्त होता. म्हणजे नुसती रंगरंगोटी नव्हती. पण 'एन'सुद्धा नव्हती.

फोक्सवॅगनने आपल्याकडे ही शिडी पायरी पायरीने दाखवली. २०१३ मध्ये चाकणची पोलो जीटी टीएसआय आली, १०५ पीएस. २०१६ मध्ये बाहेरून आणलेली, तीन दारांची पोलो जीटीआय आली, १९२ पीएस. एका 'आय'मध्ये एवढा फरक! किंमतही पंचवीस लाखांच्या वर. आणि व्हर्टसमध्ये जीटीला १.५ लिटरचं १५० पीएसचं इंजिन, तर २०२४ मध्ये आलेल्या जीटी लाइनला १ लिटरचं ११५ पीएसचं. इथे शब्द एक वाढला आणि ताकद ३५ ने कमी झाली. आपल्या मनाला सवय आहे की नाव लांब म्हणजे मान मोठा. ही फसगत तिथेच होते.

याच्या उलट उदाहरण टाटांचं. २०१८ मध्ये टियागो जेटीपी आली. साधी टियागो ८५ ची, ही ११४ पीएसची, सस्पेन्शनही बदललेलं. अक्षरं अनोळखी, पण माल खरा. २०२० मध्ये ती बंद झाली. खपाच्या बाबतीत माल आणि अक्षरं यांत कोण जिंकतं ते यावरून समजा.

आता म्हणाल, तुला एवढा पुळका कशाचा? तर मंडळी, पुळका नाही. अनुभव आहे. घरच्यांना ही गोष्ट अर्धी माहीत आहे, आज पूर्ण सांगतो.

२००६ मध्ये मी पहिली गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, चूक गाडीची नव्हती. घेतलं ते सगळ्यात खालचं मॉडेल, कारण खिसा तेवढाच होता. आमच्या चंद्रपुरात नवीन गाडी दिसली की लोक पेढा तोंडात टाकता टाकता पहिला प्रश्न विचारतात, "टॉप मॉडेल काय?" हे चार-पाचदा ऐकलं आणि मला ते बोचायला लागलं. जटपुरा गेटजवळच्या एका रेडियमवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे भिंतभर अक्षरं लटकवलेली. टर्बो, स्पोर्ट्स, टाइप आर, जे पाहिजे ते. मी चकचकीत 'जीटीआय' निवडलं. पन्नास रुपये. त्याने डिकी पुसली, मागचा कागद काढला, दाबून लावलं. दहा मिनिटांत माझी गाडी जर्मन झाली!

बाबांनी संध्याकाळी बघितलं. बाबा वनखात्यात होते, बरीच वर्षं लाकूड डेपोत. आलापल्लीकडचं सागवान, बल्लारशाचे लिलाव, यात त्यांचा जन्म गेला. (याच भागातलं सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेलं, तेव्हा बाबा असते तर गल्लीभर सांगत फिरले असते.) डेपोत ओंडका आला की आधी लांबी मोजायची, मग घेर मोजायचा, नंबर टाकायचा. आणि लाकडाच्या तोंडावर हॅमर मारायचा. लोखंडी हातोडा, त्यावर कोरलेली खूण. त्या ठशावरून कळायचं की माल कुणाचा आहे आणि तो रीतसर निघालाय की नाही. नाक्यावरचा गार्ड पावती बघायचा आणि ठसा बघायचा. जुळलं तर गाडी पुढे.

बाबा डिकीसमोर उभे राहिले. अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे कंपनीनं लावलं का?"

"नाही, मीच लावलं."

"लाकडावर खोटा हॅमर मारला तं दोन वर्षं आत जाते माणूस. वन कायदा, कलम ६३. अन् तू पन्नास रुपयांत मारून आला."

मी हसलो. तेही हसले. विषय संपला असं मला वाटलं.

२००७ च्या हिवाळ्यात आम्ही दोघं मूलहून चंद्रपूरला परत येत होतो. दिवेलागणीची वेळ. चिचपल्लीच्या अलीकडचं जंगल. हा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना मी काही सांगायला नको. त्या वेळी तिथे कोणतं जनावर कुठून निघेल याचा नेम नसतो. बाबा दोनदा म्हणाले, "हळू घे." मी हळू घेतली नाही. आता लिहायला लाज वाटते, पण खरं सांगायचं तर ते स्टिकर लावल्यापासून मी गाडी वेगळी चालवायला लागलो होतो. लोकांना दाखवायला अक्षरं लावली आणि सगळ्यात आधी मीच त्यांच्यावर विश्वास ठेवून बसलो.

चितळांचा कळप होता. पहिलं गेलं, दुसरं गेलं, तिसरं मधोमध थांबलं. मी ब्रेकवर उभा राहिलो. चाकं जाम झाली. स्टिअरिंग फिरवलं, पण जाम झालेलं चाक वळत नाही, घसरतं. गाडी सरळ घसरत गेली आणि कडेच्या मुरुमाच्या ढिगाऱ्यात घुसली. चितळ कधी निघून गेलं ते दिसलंच नाही. बाबांचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. सात टाके पडले.

त्या काळी एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, बहुतेक छोट्या गाड्यांत फक्त वरच्या मॉडेलला असायची. एअरबॅगही तशीच. म्हणजे मागची अक्षरं नुसती मानाची नव्हती. कुणाचं डोकं फुटेल आणि कुणाचं वाचेल हेही काही प्रमाणात त्यांत लिहिलेलं होतं. आणि मी तीच अक्षरं खोटी लावून फिरत होतो. २०१९ च्या एप्रिलपासून एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. ही बातमी वाचली तेव्हा बाबा नव्हते.

टाके घातल्यावर बाबा रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. घरी आल्यावर चहा घेताना एवढंच म्हणाले, "आधी मोजायचं असते. मग ठसा."

दुसऱ्या दिवशी मी ब्लेडने ती अक्षरं खरवडून काढली. गोंदाचा डाग काही गेला नाही. आठ वर्षांनी गाडी विकली तेव्हाही ऊन तिरपं पडलं की जीटीआय वाचता यायचं.

असो. भाच्याला मी परत फोन लावला. म्हटलं, "हे बघ, अक्षरं राहू दे बाजूला. विक्रेत्याला आरसीचा फोटो मागव. त्यात इंजिनाची क्षमता लिहिलेली असते. ९९९ सीसी असेल तर १ लिटरची, १४९८ असेल तर दीड लिटरची. ते कागदावर मोजून लिहिलेलं असतं, ते कुणाला चिकटवता येत नाही."

अर्ध्या तासाने मेसेज आला. ९९९.

मला वाटलं आता पोरगा हिरमुसेल. मग रात्री पुन्हा फोन. "मामा, गाडी तर चांगलीच आहे ना? गडचिरोली ते चंद्रपूर मला किती पळवायची आहे? फक्त किंमत जीटीची द्यायची नाही."

"बरोबर. लाइनची किंमत दे, लाइन घे. वाईट काहीच नाही त्यात. ११५ पीएस आपल्या रस्त्यांना भरपूर आहे."

"आणि तिच्यावरचं 'जीटी' काढून टाकू का?"

मी क्षणभर थांबलो. दीदीचा आवाज मागून येत होता, "त्याला म्हणा रात्रीचं जंगलातून येत जाऊ नको."

"राहू दे," मी म्हटलं, "कंपनीनं लावलंय, तू नाही. फक्त चितळाला ते वाचता येत नाही, एवढं लक्षात ठेव."